कवितेखालचं नाव

आपली कविता दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचा योग माझ्या नशिबी पहिल्यांदा आला तो अंधेरीला, एका कळकट जिन्यात. आणि तो माणूस ती वाचता वाचता हसत होता. कविता दुःखाची होती, हे आधीच सांगते.

मधल्या पायरीवर ऐसपैस बसला होता. खाकी पँट, बाहीवर ग्रीसचा डाग, आणि मांडीवर माझे कागद. माझं अक्षर मी झोपेतही ओळखीन. माझं डोकंच फिरलं. ते कागद माझे आहेत, असं मी जरा चढ्या आवाजात सांगितलं. त्याने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या कागदांकडे पाहिलं.

"आणि ते माझे," तो म्हणाला. "म्हणजे तुम्ही जानकी घाडी… नाहूर."

झालं होतं असं. त्या इमारतीत वरच्या मजल्यावर एका दिवाळी अंकाचं ऑफिस होतं. अंकाचं नाव सांगत नाही, माझा त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही. वर्षातून एकदाच निघायचा, पण त्यात नाव आलं की तुम्ही कवी, असं आम्ही नवखे धरून चालायचो. साहित्य पाठवताना सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडायचं, हा सगळीकडचा नियम. नापसंत पडलं की त्याच पाकिटातून 'साभार परत'. म्हणजे आपल्या मयताची सोय आपणच आधी करून ठेवायची. तर त्या वर्षी तिथल्या कुणीतरी याच्या कविता माझ्या पाकिटात कोंबल्या आणि माझ्या याच्या. दोघंही एकाच शनिवारी भांडायला आलो, तर वर कुलूप.

कागदांची अदलाबदल पायरीवरच झाली. माझे परत देताना तो जरा रेंगाळला.

"यात चार चंद्र आहेत," म्हणाला. "नाहूरला रोज एक उगवतो, की चारही एकदम?"

"तुमच्यात एकही नाही. घाटकोपरचा कापून नेला वाटतं वीज कंपनीने."

तो इतका मोकळा हसला की मला माझा राग आवरून घ्यावा लागला. त्याचं नाव भीमराज रणपिसे. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर कामाला. कविता लिहायचा तिथल्याच रद्दी कार्डांच्या मागे, मुंगीच्या पायांसारख्या अक्षरात. मी त्याला सांगितलं नाही की त्याच्या कविता मी घरी पुन्हा पुन्हा वाचल्या होत्या आणि त्यातली एक वाचून मला जेवण गेलं नव्हतं. तिचं नाव 'भोंगा'.

भोंगा मेला,
तरी बाप उठतो.
अंधारात चपला शोधतो.
कुणी बोलावलं नाही,
तरी 'आलो' म्हणतो.

पुढेही होती, पण मी इथेच अडकले होते. कारण हा माझा बाप होता.

माझे बाबा, सहदेव घाडी, उभं आयुष्य परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कापड विणत होते. मग तो मोठा संप झाला. संपला असं कुणी सांगितलं नाही आणि बाबांना कुणी परत बोलावलंही नाही. परळची खोली विकून आम्ही नाहूरच्या चाळीत आलो. मी अंधेरीला औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागले, आई पापड लाटायला लागली आणि बाबा भिंतीला टेकून बसले. दाढी करणं सोडलं, लोकांत मिसळणं सोडलं. रोज पहाटे भोंग्याच्या वेळेला मात्र दचकून उठायचे आणि "इलंय, इलंय", म्हणजे आलो, आलो, करायचे. नाहूरला कसला आलाय भोंगा! आई त्यांच्या छातीवर हात ठेवून परत निजवायची. हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं, आणि या परक्या माणसाने ते कार्डाच्या मागे लिहून ठेवलं होतं.

अंधेरीहून घाटकोपरला जाणारी बस साकीनाक्यावरून जाते. तिथे उतरायचं मला काहीएक कारण नव्हतं. ते लवकरच निघालं.

नाक्यावरच्या उडुप्याकडे कोपऱ्यातलं टेबल आम्ही धरायचो. तो भुसा आणि साबण लावून हात धुवून यायचा, तरी रेघांतलं काळं जायचं नाही. म्हणून माझे कागद तो दोन बोटांच्या टोकांनी, गरम पापड धरावा तसा धरायचा. नियम त्याने केला: कवितेत चंद्र सापडला की चहा माझ्याकडून. मी चंद्र टाकले. मग म्हणाला, आता पाकळ्यांवरही लावू नियम. मी म्हटलं, तुझ्या कवितेत नुसती लोखंडं असतात, वाचताना धनुर्वात व्हायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते मला आठवत नाही. पण एकदा माझ्या वेणीला कंपनीतला कापूस चिकटला होता, तो काढायला त्याने हात पुढे केला आणि आपल्या काळ्या बोटांकडे बघून परत घेतला… ते आठवतं. मी वेणी पुढे घेतली आणि म्हटलं, काढ ना. बस एवढंच. घरी गेले तेव्हा आईने विचारलं, ताप आलाय काय गो तुका.

त्याचे वडील भाऊरावही गिरणीतलेच, सूत कातायच्या खात्यात. संपाच्या दुसऱ्या वर्षी खोकून खोकून गेले. आता घरी तो आणि त्याची आई, शकुबाई. तिला वाचता यायचं नाही. पण एक शब्द ओळखायची: 'भीम'. त्यांच्या वसाहतीत तो भिंतीभिंतीवर, झेंड्याझेंड्यावर असायचा, बघून बघून डोळ्यांत बसला होता. पोराला म्हणायची, तुझं नाव छापून येऊ दे, कुठल्या पानावर ते सांगू नको, माझी मी शोधीन.

"अंकात नाव आलं की तुझ्या घरी येतो," एकदा तो म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता. बशीतल्या चहात बोट फिरवत होता.

"अंक बघून मुलगी देतील होय माझे बाबा?"

"न देवोत. पण दारात कोण उभं आहे ते तरी कळेल त्यांना. नुसता 'त्यांच्यातला' म्हणून नाही उभं राहायचं मला."

 मुलगा बौद्ध आहे, हे वाक्य आमच्या घरात कसं उच्चारायचं ते मी मनातल्या मनात रोज घोकत होते आणि रोज 'मुलगा' या शब्दापाशीच अडत होते.

आषाढात पुढच्या अंकासाठी कविता पाठवायची वेळ आली. कागदाच्या एकाच बाजूस, सुवाच्य अक्षरात, अशी अट असायची. त्याचं अक्षर बघता मी म्हटलं, 'भोंगा' मी उतरवून देते. माझ्याकडचा सगळ्यात चांगला कागद काढला, समास आखला, एकेक ओळ अशी लिहिली की जणू मेंदी काढतेय. खाली नाव लिहिलं, भीमराज भाऊराव रणपिसे. ते आधी रद्दी कागदावर गिरवून पाहिलं होतं, खोटं कशाला सांगू. माझीही एक कविता होती, बिनचंद्राची. दोन्ही एकाच पाकिटात घातल्या. मागच्या खेपेला पाकिटांची अदलाबदल झाली होती ना, पाकीट एकच असेल तर अदलाबदल होईल कशी, असं हुशार डोकं माझंच.

दिवाळीच्या आधी अंक टपालाने नाहूरला आला. मी कामावर होते. घरी आले तर बाबांची दाढी गुळगुळीत, अंगात इस्त्रीचा सदरा. दाराशी उभे होते. मला वाटलं, गावाहून काही बरीवाईट बातमी आली. त्यांनी अंक माझ्यापुढे धरला. 

"माज्यार लिवल्यान चेडवान," ते आईला म्हणाले, पोरीने माझ्यावर लिहिलंय म्हणून. माझ्याकडे बघवत नव्हतं त्यांना.

पानावर 'भोंगा' होती. खाली नाव होतं, जानकी सहदेव घाडी. माझी कविता कुठेच नव्हती.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात बाबांनी, ज्या माणसाने संप झाल्यापासून मला नीट हाक मारली नव्हती त्याने, माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, माका वाटला कोण बघत नाय. तोंड मिटलं माझं. त्या संध्याकाळी ते अंक घेऊन चाळीत दारोदार फिरले. पुढच्याच आठवड्यात मुलुंडच्या एका कारखान्यावर वॉचमनची नोकरी आहे म्हणून कळलं, तर स्वतःहून गेले आणि लागले. आई देवापुढे साखर ठेवून रडली.

अंक आल्याच्या दुसऱ्याच दिवशी उडुप्याकडे भीमराज माझ्या आधी येऊन बसला होता. अंक त्याने घाटकोपरला स्टॉलवरून घेतला होता, उघडून न बघता. सरळ आईच्या मांडीवर ठेवला होता. शकुबाईने चष्मा लावून, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, ओळीओळीवरून बोट फिरवलं होतं. जाहिरातींवरूनही.

"मग काय सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं, पुढच्या अंकात आहे."

मी उठलेच. आत्ताच्या आत्ता त्या ऑफिसात जाते आणि एकेकाची खबर घेते म्हटलं. त्याने मला खाली बसवलं. घरी कुणी वाचली का, विचारलं. मी बाबांचं सगळं सांगितलं, दाढी, सदरा, डोक्यावरचा हात.  त्याच्या चहावर साय धरली.

"मग राहू दे यार," तो म्हणाला. "माझा तर गेला. एकाचा बाप तरी उठला."

"आणि तुझं नाव?"

"आमची नावं पुसायची सवय आहे लोकांना. आणखी एक."

ते माझ्या काळजाला लागलं. कारण या खेपेला पुसलेल्या जागी नाव माझं होतं.

मी गेलेच त्या ऑफिसात. संपादक नंदकिशोर म्हणून होते, बोलायला गोड. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहाही मागवला. म्हणाले, अहो, एकच अक्षर, एकच पाकीट, वर तुमचा पत्ता, आम्हाला वाटलं भीमराज हे तुम्ही घेतलेलं टोपणनाव. हल्ली तशा नावाने लिहायची फॅशन आलीय ना. मग म्हटलं, खरं नावच टाकू, मुलीचं नाव बरंही दिसतं. दुरुस्ती छापा म्हटलं तर हसले. वर्षातून एक अंक, पुढच्या दिवाळीला कोणाच्या लक्षात राहणार, आणि कवितेची दुरुस्ती कोण वाचतं? वर मला सल्ला दिला, आयतं नाव झालंय तर पुढची पाठवा. मी चहा तसाच ठेवून जिना उतरले. मधल्या पायरीवर बसून रडले, तीच पायरी.

त्यानंतर भीमराज नाक्यावर कधी भेटायचा, कधी ओव्हरटाइम निघायचा. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं होतं. तो आधीसारखाच हसायचा, पण नवीन काही लिहिलंस का विचारलं की म्हणायचा, लेथवर काम फार आहे. माझ्या घरी यायची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही. मला कळत होतं सगळं. बाबा उठून उभे राहिले होते ते त्याच्या शब्दांवर, आणि मी त्या दोघांच्या मधे पाचर मारल्यासारखी बसले होते. बाबांना सांगितलं तर बाबा पुन्हा भिंतीला टेकणार. नाही सांगितलं तर हा माणूस माझ्या हातून गेला.

संक्रांतीनंतर चाळीच्या महिला मंडळाने हळदीकुंकू ठेवलं. मंडळाच्या रत्नप्रभाकाकू घरी येऊन सांगून गेल्या की जानकीचा सत्कार करायचा, शाल द्यायची, आणि तिने ती कविता वाचून दाखवायची. बाबांनी त्या दिवशी ड्युटी बदलून घेतली. मी भीमराजला गाठलं आणि म्हटलं, आईला घेऊन ये.

"तुझ्या नावाने वाचलेली ऐकायला? नको गं," तो म्हणाला. तेवढंच. मी पुढे काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने अडवलं असतं.

पटांगणात सतरंज्या टाकल्या होत्या. बायका काळ्या साड्या नेसून बसलेल्या, पुरुष गॅलरीत कठड्याला टेकून. आधी नव्या सुनांनी नावं घेतली. हे आमच्याकडचं ठरलेलंच. एरवी नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, पण हळदीकुंकवाला सगळ्या गळ घालतात आणि ते उखाण्यात, यमक जुळवून, लाजत घ्यायचं. दोघींनी घेतली. हशा झाला, टाळ्या झाल्या. मग माझ्या खांद्यावर शाल आली आणि हातात अंक.

नळाजवळ फाटकाशी दोघं उभी होती. तो, आणि त्याच्या शेजारी पांढऱ्या लुगड्यातली एक बुटकी बाई, डोक्यावर पदर. आला होता शेवटी.

मी कविता वाचली. वाचताना गॅलरीकडे बघितलं नाही. 'आलो म्हणतो' या ओळीला वरून बाबांनी खाकरल्याचा आवाज आला आणि माझा आवाज फाटला, पण पूर्ण वाचली. टाळ्या सुरू व्हायच्या आत मी अंक मिटला.

"ही कविता माझी नाही," मी म्हटलं. "छापणाऱ्यांनी चूक केली. ही भीमराज यांची आहे."

एक क्षण कुणाला काही कळलं नाही. मग रत्नप्रभाकाकू, स्वभावच थट्टेखोर, डोळे मिचकावून म्हणाल्या की लाजत काय सांगतेस, घ्यायचंच तर उखाण्यात घे. बायका हसल्या. तेव्हा मला कळलं, आता मागे जाता येणार नाही. आणि खरं सांगते, जायचंही नव्हतं.

"यमक मला जमत नाही, काकू. सरळच घेते," मी म्हटलं. "भीमराज भाऊराव रणपिसे."

हसू थांबलं. नाव पुरतं कानात शिरलं तसे एकेकीचे चेहरे बदलत गेले. कुणीतरी आईकडे वळून बघितलं. आईच्या हातातलं तिळगुळाचं ताट खाली टेकलं. गॅलरीत बाबा होते तिथे आता नुसता कठडा होता. काकूंनी पुढे होऊन माझ्या खांद्यावरची शाल काढून घेतली. हळूच काढली, पण काढलीच.

फाटकाशी पोचले तेव्हा भीमराजचे डोळे लाल होते. म्हणाला, वाट लावलीस स्वतःची. शकुबाईने माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर मोडली. तिला नाव ऐकू आलं होतं. पण तिला ते छापलेलं बघायचं होतं, नुसत्या ऐकण्यावर भागण्यासारखं नव्हतं.

त्यानंतर घरात बोलणं बंद. आई वाढायची, मी जेवायची. मेलेल्या माणसाच्या घरात असतं तसं सगळं हळू चालायचं. बाबांनी नोकरी सोडली नाही, एवढं एक देवाने ऐकलं. पण माझ्याकडे बघायचे ते भिंतीकडे बघावं तसं. मग एका पहाटे मी जागीच होते, तेव्हा ते नेहमीसारखे दचकून उठले. "इलंय, इलंय." आईचा हात त्यांनी बाजूला केला. दिवा लावला. कपाटावरून अंक काढला, ड्युटीवर न्यायचं पेन काढलं आणि उकिडवे बसून बराच वेळ काहीतरी करत राहिले. मग अंक माझ्या अंथरुणावर ठेवला.

"तेचो बापूस कताईत होतो ना," ते म्हणाले. मी हो म्हटलं. कुणी सांगितलं, ते विचारायची हिंमत झाली नाही. "तेंच्या जातीच्या लोकांका साच्यार घेयत नसत पयल्यांदा. धागो तुटलो की तोंडान ओढूचो लागा. तेंच्या तोंडाचो धागो आमका चलत नसा." थोडा वेळ थांबले. "भोंगो मात्र एकच होतो."

 मला वाटलं, आता म्हणतील, घेऊन ये त्याला.

"कविता तेची, ती तेका दी," बाबा म्हणाले. "पण चेडू माझा. तू तेच्याकडे गेलंस, तर हय परत येव नको."

 चपला शोधल्या आणि ड्युटीला गेले.

फाल्गुनात आम्ही नोंदणी करून लग्न केलं. सहीला वर्कशॉपचे तिघं होते. आई आली नाही, बाबा येणारच नव्हते. घाटकोपरला गेले तेव्हा माझ्या पिशवीत दोन साड्या आणि तो अंक होता. पान कुठलं ते मी सांगितलं नाही. शकुबाईने चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून बोट फिरवायला सुरुवात केली. भीमराज दारात उभा राहून बघत होता. मी त्याचा हात धरला, तो काढून घेतला नाही त्याने.

'भोंगा'च्या पानावर बोट खाली खाली सरकलं आणि थांबलं. छापलेलं 'जानकी सहदेव घाडी' निळ्या शाईने खोडलं होतं. त्याखाली माझ्या बापाच्या, चौथी शिकलेल्या हाताने एकेक अक्षर सुटं सुटं लिहिलेलं होतं, भीमराज भाऊराव रणपिसे.

"हे बघ, भीम," शकुबाई म्हणाली. "पण हे छापलेलं नाही वाटत. कुणाचं अक्षर गं हे?"

"माझ्या बाबांचं," मी म्हटलं, आणि मग मला रडू आवरलं नाही.